अर्ध्या क्राउनची खिडकी आणि आमची शंभराची पावती

आंबेडकरी समाजाला वर्गणी नवी नाही. जयंतीची वर्गणी, विहाराची वर्गणी, मोर्चाच्या गाडीची वर्गणी, तुरुंगात गेलेल्या पोरांच्या जामिनाची वर्गणी. आमच्या आयाबायांनी कनवटीच्या गाठीतून सोडलेल्या आण्या-दोन आण्यांवर ही चळवळ उभी राहिली आहे. कुणा शेठजीच्या देणगीवर ती उभी राहिलेली नाही. म्हणून वर्गणी द्यायची की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे कधीच नव्हता. ती कशासाठी गोळा करायची, कशी करायची आणि तिचा हिशेब कुणापुढे ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे.

२०२७ हे महाडच्या संग्रामाचे शताब्दी वर्ष. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. या शताब्दीच्या निमित्ताने सिंधुदुर्गात, मालवणच्या किनारपट्टीवर, सार्वजनिक ठिकाणच्या एखाद्या भिंतीवर महाडच्या सत्याग्रहाचे काचेचे भित्तिचित्र उभारावे आणि ते केवळ समाजाच्या पैशातून उभारावे, असा विचार मी या स्तंभातून मांडत आहे. त्यावर आक्षेप येतील. ते यायलाच हवेत. परंतु आक्षेपांकडे वळण्यापूर्वी आपल्यापासून हजारो मैलांवर घडलेली एक हकिकत वाचकांसमोर ठेवतो.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. १५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, तेथील सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्या कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी बॉम्बस्फोट घडवला. चार काळ्या मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची. चर्चच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत येशूचे चित्र होते. स्फोटाच्या दणक्याने खिडकी जागेवर राहिली, पण येशूचा चेहरा तेवढा उडून गेला.

ही बातमी समुद्रापलीकडे वेल्समध्ये पोहोचली. जॉन पेट्स नावाच्या काच-कलावंताने ठरवले की या चर्चला नवी खिडकी करून द्यायची. कार्डिफच्या 'वेस्टर्न मेल' या दैनिकाने निधीचे आवाहन केले. मात्र त्यासोबत एक अट घातली. कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त द्यायचे नाही. अर्धा क्राउन म्हणजे पौंडाचा आठवा हिस्सा. एखाद्या धनवंताने एका धनादेशात सगळी खिडकी विकत घेऊ नये, ती वेल्सच्या सामान्य माणसांची राहावी, हा त्या अटीमागचा हेतू होता. पैसे थोड्याच दिवसांत जमले. १९६५ साली ती खिडकी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बसली. तिच्यात हात पसरलेला काळा ख्रिस्त आहे. एका हाताने तो द्वेष दूर लोटतो आहे, दुसरा हात त्याने क्षमेसाठी पुढे केला आहे.

वकील म्हणून मला या हकिकतीतली एक तारीख विशेष महत्त्वाची वाटते. त्या चार मुलींच्या खुनाबद्दल पहिला आरोपी दोषी ठरला तो १९७७ साली. उरलेले दोघे २००१ आणि २००२ साली. म्हणजे खिडकी १९६५ साली लागली आणि न्यायाचा पहिला तुकडा हाती यायला त्यानंतर बारा वर्षे लागली. कोर्ट जागे होण्याची वाट पाहत समाज बसला नाही. आम्ही विसरलेलो नाही, हे त्याने भिंतीवर लिहून ठेवले. कायद्याची लढाई लांबते तेव्हा स्मृती टिकवून ठेवणे हेही लढाईचेच काम असते. खैरलांजी, रमाबाई नगर, परभणी ही नावे उच्चारताना आमच्या मनात जे दाटून येते, ते बर्मिंगहॅमच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्याच किनाऱ्याकडे पाहू. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. कुळवाडीभूषण शिवराय हे आमचेही आदर्श आहेत. महात्मा फुल्यांनी त्यांच्यावर पवाडा रचला, तो बहुजनांचा राजा म्हणूनच. त्यामुळे त्या दिवशी जी वेदना महाराष्ट्राला झाली ती आम्हालाही झाली. परंतु वेदनेबरोबर धडाही घ्यायला हवा. पुतळ्याचे नट-बोल्ट गंजल्याचे बांधकाम खात्याच्या पत्रात आधीच आले होते. कला संचालनालयाने मान्यता दिली ती लहान नमुन्याला, प्रत्यक्षात उभा राहिला पस्तीस फुटी पुतळा, हेही नंतर बाहेर आले. म्हणजे पैसा होता, व्यासपीठ होते, हेलिपॅड होते. नव्हता तो प्रश्न विचारणारा माणूस. ज्याच्या खिशातून पैसा जातो आणि ज्याच्या हातात त्याची पावती असते, तो प्रश्न विचारतो. तिजोरीतून जाणाऱ्या पैशाची पावती सामान्य माणसाच्या हातात नसते.

म्हणूनच माझा आग्रह आहे की हे भित्तिचित्र आमदार निधीतून नको, खासदार निधीतून नको आणि एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या देणगीतून तर मुळीच नको. याचा अर्थ सरकारी पैशाला आम्ही पाठ दाखवायची, असा कुणी काढू नये. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, बौद्धवाडीचा रस्ता, पाणी, स्मशानशेड ही सरकारची जबाबदारी आहे. तो पैसा आमचा हक्काचा आहे, तो भांडून घ्यायचा आहे. परंतु आपली स्मृती आपण कुणाच्या पैशावर उभी करू नये. ज्याचा पैसा त्याची कोनशिला, आणि ज्याची कोनशिला त्याचे नाव चित्रापेक्षा मोठे, हा अनुभव गावोगावी आहे.

आमच्या इतिहासाने याबाबत आम्हाला शिकवलेले आहे. महाडच्या मार्चमधील परिषदेसाठी प्रतिनिधींना पिण्याचे पाणी हवे होते. तळे समोर होते, पण त्यातले पाणी घ्यायची आम्हाला बंदी होती. शेवटी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. १९२७ सालचे चाळीस रुपये! डिसेंबरच्या परिषदेला मंडप घालायला सवर्णांपैकी कुणी जागा दिली नाही. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. चैत्यभूमीचा स्तूपही कुठल्या मंत्रालयाच्या फायलीतून निघालेला नाही. भय्यासाहेब आंबेडकरांनी महू ते मुंबई भीमज्योत नेली, गावोगावच्या माणसांकडून निधी जमवला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्या स्तूपाचे उद्घाटन झाले. ६ डिसेंबरला लाखोंनी येणारा माणूस तेथे पाहुणा नसतो. ती वास्तू त्याच्या बापजाद्यांच्या पैशाची आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला, तोही तेथील आंबेडकरी संस्थेच्या स्वतःच्या जागेवर.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. कुणी म्हणेल, 'वकीलसाहेब, माझ्या पोराच्या इंजिनीअरिंगची फी भरायची बाकी आहे आणि तुम्ही भिंतीवर काच लावायला पैसे मागता?' हा आक्षेप झटकून टाकणारा माणूस बाबासाहेबांचा अनुयायी नव्हे. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द पहिला ठेवला. माझे उत्तर एवढेच की एकाला दुसऱ्याच्या विरोधात उभे करू नका. एका घराकडून एकदाच, जास्तीत जास्त शंभर रुपये, आणि त्यातील पन्नास भित्तिचित्राला व पन्नास शिक्षण निधीला, असा ठराव आधीच लेखी करा. पाच हजार घरांनी पावती फाडली तर पाच लाख होतात. त्यातील अडीच लाखांत जेवढी काच बसेल तेवढीच बसवू. चित्र लहान झाले तरी चालेल, फी बुडता कामा नये. आणि ज्या घराला शंभर जमत नाहीत त्याने दहा द्यावेत. यादीत दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरांत छापली जातील.

नावे छापण्याला मी फार महत्त्व देतो. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशाअभावी रखडला होता. तेव्हा जोसेफ पुलित्झर यांच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राने आवाहन केले आणि प्रत्येक देणगीदाराचे नाव छापण्याचे वचन दिले. एक लाख वीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून लाखावर डॉलर दिले. त्यांतील बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षा कमी होती. चळवळीच्या दैनिकांनी हे काम अंगावर घ्यावे. भीमनगरातील भांडी घासणाऱ्या ताईचे नाव आणि क्लास वन अधिकाऱ्याचे नाव एकाखाली एक छापून येऊ द्या. यादी छापली की दोन गोष्टी होतात. देणाऱ्याला मान मिळतो आणि घेणाऱ्यावर नजर राहते.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. काच आहे, कुणीतरी दगड मारील. ही भीती पोकळ नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या आमच्याच माणसांवर गोळीबार होऊन दहा जण मारले गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली, आणि त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ज्या समाजाने हे सोसले आहे त्याला 'घाबरू नका' असे सांगणे सोपे नाही. म्हणून मी तसे सांगत नाही. मी म्हणतो, तयारी करा. दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा दाबून बसवलेली लॅमिनेटेड काच तडकते, पण तुकडे खाली पडत नाहीत. चित्राचा विमा उतरवा. जमलेल्या निधीतील एक दशांश रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. कॅमेरा बसवा. आणि दगड पडलाच तर त्याच तासाला लेखी तक्रार द्यायची, फिर्यादीची प्रत घ्यायची, पोरांना रस्त्यावर एकटे सोडायचे नाही, हे आजच ठरवून ठेवा. एका दगडाने आमची काच तडकेल, पण आमचा तोल जाता कामा नये. आमचा तोल जावा, याचीच तर दगड मारणारा वाट पाहत असतो.

तिसरा मुद्दा कायद्याचा. आमच्या चांगल्या कामांवर घाव बसतो तो बहुतेकदा कागदाच्या बाजूने. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी प्रमाणे नोंदणी नसलेल्या मंडळींनी लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. गणेशोत्सव मंडळे तात्पुरती परवानगी घेतात ती याच कलमाखाली. नोंदणीकृत संस्था असेल तर कलम ३२ आणि ३३ प्रमाणे हिशेब ठेवणे व तपासून घेणे बंधनकारक आहे. भिंत नगर परिषदेची असो की एखाद्या शाळेची, मालकाची लेखी संमती हवी. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आमच्या चांगल्या हेतूकडे पाहणार नाही, परवानगीचा कागद पाहील. रस्ता, पदपथ किंवा सार्वजनिक वापराच्या जागेवर नवा पुतळा वा बांधकाम उभारू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. किनाऱ्यालगत नव्या बांधकामावर किनारा नियमन क्षेत्राची बंधने आहेत. म्हणूनच नवा चौथरा बांधण्यापेक्षा आधीच उभ्या असलेल्या भिंतीवरचे चित्र हा मार्ग मला सोयीचा वाटतो.

कागदाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे आपण २५ जून २०१६ च्या पहाटे दादरला पाहिले. बाबासाहेबांनी उभारलेल्या ट्रस्टच्या जागेवरील आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जमीनदोस्त झाली. विश्वस्त एक म्हणत होते, समाज दुसरे म्हणत होता. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. परंतु समाजाच्या मालकीचे काय आणि विश्वस्तांच्या ताब्यात काय, हे जिथे लख्ख लिहिलेले नसते तिथे एक दिवस बुलडोझर येतो, एवढे त्यातून शिकावे.

म्हणून काही साधे नियम सुचवतो. पावती पुस्तके क्रमांक टाकून छापा आणि कुणाला कुठले पुस्तक दिले याची वही ठेवा. पैसा बँकेतच, आणि खात्यावर दोन सह्या, त्यातील एक महिलेची. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात हिशेब मोठ्याने वाचा आणि फळ्यावर लावा. कलावंताचे मानधन, काच, सांगाडा, वाहतूक यांची तीन-तीन दरपत्रके मागवा. मुदत ठरवा. त्या मुदतीत पैसे जमले नाहीत तर रक्कम परत करायची की संपूर्ण शिक्षण निधीला द्यायची, हे पहिल्या पावतीच्या आधी ठरवून पावतीच्या पाठीवर छापा. चित्र पूर्ण झाल्यावर समिती विसर्जित करा. आमच्याकडे समित्या काम संपल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होतात, हे सांगायला मला आनंद होत नाही.

सिंधुदुर्गात हे काम होईल का, असे कुणी विचारील. मी म्हणतो, इथेच होईल. या जिल्ह्यातील बौद्धवाड्यांचा अर्धा जीव मुंबईत आहे. गिरणीत राबलेल्या पिढीने परळ-लालबागच्या खोल्यांतून गावासाठी वर्गणी काढली. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी ही शिस्त जपली आहे. चाकरमानी मे महिन्यात गावी येतो तेव्हा सभा घ्या, पावती तिथेच फाडा. आणि काचेचे म्हणाल, तर काच ज्या सिलिका वाळूपासून बनते ती वाळू याच जिल्ह्यात, कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात निघते आणि ट्रक भरभरून बाहेर जाते. आमच्या मातीची वाळू परमुलखात काच होते. तिचा एक तुकडा आमचा इतिहास सांगण्यासाठी परत यावा, यात गैर काय?

अर्थात कोकणच्या हवेचा विचार आधी करावा लागेल. काचेला खारा वारा खात नाही, खातो तो तिला धरून ठेवणाऱ्या लोखंडाला. राजकोटने तेच दाखवले. म्हणून सांगाडा साध्या लोखंडाचा नको, समुद्रकाठी वापरतात त्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा हवा. जांभ्या चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते. तेव्हा काच थेट भिंतीला न चिकटवता मधे हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे लागेल. मे २०२१ मधील तौक्ते वादळ ज्यांनी या किनाऱ्यावर पाहिले त्यांना वाऱ्याचा हिशेब शिकवायला नको. संरचना अभियंत्याची सही असल्याशिवाय एक स्क्रूही लावू नका.

आणि शेवटचा, पण माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न: त्या काचेत दाखवायचे काय? निळ्या कोटातले बाबासाहेब हवेतच. परंतु एकटे बाबासाहेब नकोत. महाडला बाबासाहेब एकटे गेले नव्हते. त्या चित्रात रा. बा. मोरे हवेत, अनंतराव चित्रे हवेत, सुरबानाना टिपणीस हवेत, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हवेत, जागा देणारे फत्तेखान हवेत. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी ज्यांना स्वतंत्रपणे उद्देशून भाषण केले त्या स्त्रिया हव्यात. चाळीस रुपयांच्या पाण्याच्या घागरी हव्यात. आणि एका कोपऱ्यात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल हवा. नरहरी दामोदर वैद्य व इतरांनी तळे आपल्या वहिवाटीचे म्हणून दावा लावला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. पाण्याची ओंजळ आणि निकालपत्र यांच्यामध्ये दहा वर्षे गेली. ही दहा वर्षे आमच्या पोरांना दिसली पाहिजेत.

चित्र काढायला मुंबईचाच कलावंत हवा, असेही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासींनी चित्रकथीची परंपरा टिकवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एकामागून एक चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची ती कला महाडची गोष्ट सांगू शकणार नाही का? भिंत सार्वजनिक आहे. तिच्यासमोरून गाबितांची मुले शाळेला जातील, ख्रिस्ती आणि मुसलमान जातील, मराठा जातील, गोव्याकडून आलेले पर्यटक जातील. बौद्धवाडीतील विहारात लावलेले चित्र आम्ही आम्हालाच दाखवतो. सार्वजनिक भिंतीवरील चित्र आम्ही देशाला दाखवू. चवदार तळे सार्वजनिक आहे, एवढेच तर बाबासाहेबांचे म्हणणे होते. त्या सार्वजनिकतेवर आमचाही हक्क आहे, आणि तो बजावण्याचा खर्च आम्हीच करू.

समाजबांधवांनो आणि भगिनींनो, या प्रस्तावाची चर्चा आपल्या विहारात करा. नको वाटला तर नको म्हणा, पण कारणासह म्हणा. हवा वाटला तर पहिल्या बैठकीत हार-तुरे आणू नका, एक वही आणा. तिच्या पहिल्या पानावर शिक्षण निधीचा ठराव लिहा, दुसऱ्या पानावर भित्तिचित्राचा. वेल्सच्या माणसाने अर्ध्या क्राउनमध्ये जे केले ते आम्ही शंभर रुपयांत करू शकतो. फक्त कुणा एकालाही एकशे एक रुपये देऊ देता कामा नयेत.

जय भीम! जय भारत!